भगरीची विषबाधा: दोष दाण्याचा, पिठाचा की टोपाचा?

कढीलिंब (धागाकर्ती), ८ सप्टेंबर, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. मी आहारशास्त्राच्या एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या एका रुग्णालयात इंटर्नशिप करतेय. नवरात्र तोंडावर आलंय म्हणून ओपीडीबाहेर लावायला 'उपासाचा आहार' असं भित्तिपत्रक करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी पहिल्याच ओळीत ठोकून दिलं: 'भगर टाळा, विषबाधा होऊ शकते.' मॅडमनी त्या ओळीभोवती लाल गोल काढला आणि बाजूला एवढंच लिहिलं, 'का?'

मला उत्तर देता आलं नाही. दर उपासाला पेपरात 'भगर खाल्ल्याने इतक्या जणांना विषबाधा' अशी बातमी येते, तेवढ्यावरच मी लिहिलं होतं.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट सांगते. श्रावणातल्या एकादशीला एका घरातले चौघं कॅज्युअल्टीत आले होते. उलट्या, चक्कर, मळमळ. मला डाएट रिकॉल, म्हणजे कोणी काय-किती खाल्लं त्याची नोंद, घ्यायला पाठवलं. मी अगदी मन लावून घेतला. भगरीची भाकरी दीड, दाण्याची आमटी एक वाटी, बटाट्याची भाजी, दोन केळी, सगळं ग्रॅममध्ये, बेरजेसकट. मॅडमनी कागद पाहिला आणि विचारलं, "खाल्लं किती वाजता? पहिली उलटी किती वाजता? घरातलं कोण आजारी पडलं नाही? त्यानं काय खाल्लं? पीठ घरचं की विकतचं?" यातलं एकही मी विचारलं नव्हतं. "कॅलऱ्या मोजून आलीस, घड्याळ विसरलीस," म्हणाल्या. चार जणांसमोर.

तर प्रश्न असा. भगरीत नक्की बिघडतं काय? दाणा, दळलेलं पीठ, की शिजवून ठेवलेलं टोप? 'भगर खाऊ नका' हा सल्ला बरोबर आहे का? डॉक्टर, आहारतज्ज्ञ, भगर पिकवणारे, विकणारे, रांधणारे, सगळ्यांनी लिहा.

---

निरुत्तर, ८ सप्टेंबर, रात्री १०:०५

आमच्या आज्या पंचाऐंशी वर्षं भगर खाऊन गेल्या, एकीलाही सलाईन लागलं नाही. हल्ली सगळ्यालाच विषबाधा होते. पोटंच नाजूक झालीत.

---

थालीपीठ, ८ सप्टेंबर, रात्री १०:३१

@निरुत्तर, तुमच्या आजीचं माहीत नाही, माझ्या आजीचं सांगते. आमचं गाव अकोले तालुक्यात. डोंगरउतारावर वरई पिकते. आजी ती टरफलासकट कणगीत ठेवायची, कणगी शेणानं लिंपलेली. उद्या एकादशी म्हटलं की आज पायली-दीड पायली उखळात कांडायची, पाखडायची, तेवढीच. पीठ लागलं तर जात्यावर, तेही त्याच दिवशी. उरलंसुरलं कोंबड्यांना.

आता मी काय करते? आषाढीला दुकानातून अर्धा किलो तयार पीठ आणते. पाव किलो संपतं. बाकीचं प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबरबँड लावून, गॅसच्या वरच्या कप्प्यात. खालून भाताची वाफ वर. नवरात्रात पिशवी काढली की तळाशी पिठाच्या गुठळ्या आणि बारीक जाळी, उघडल्यावर ओल्या पोत्यासारखा कुबट वास. मग 'चाळून घेऊ या, भाजलं की जाईल' म्हणायचं. गेल्या वर्षी थालीपीठ जिभेला कडवट लागलं, तरी यजमानांनी दह्याबरोबर संपवलं, अन्न टाकू नये म्हणून. सुदैवानं काही झालं नाही.

आजी आणि मी एकच भगर खात नव्हतो, एवढंच म्हणायचंय.

---

कढीलिंब, ८ सप्टेंबर, रात्री १०:४०

काकू, 'गॅसच्या वरचा कप्पा' हे आमच्या पुस्तकात कुठेही नाही आणि अर्ध्या महाराष्ट्राचं पीठ तिथेच असतं. माझ्या आईचंसुद्धा.

---

गिरणीवाला, ९ सप्टेंबर, सकाळी ७:१८

आमचा भगरीचा धंदा आहे, नाशिककडे. म्हणून चार शब्द.

भगर या नावाखाली बाजारात एकच धान्य नसतं. आपल्याकडच्या डोंगरातली वरई म्हणजे ज्याला हल्ली लिटल मिलेट म्हणतात ते. बार्नयार्ड मिलेटसुद्धा उपासाचं म्हणून भगरीच्याच नावानं विकलं जातं. कच्चा माल इथला पुरत नाही, मध्य प्रदेश, ओडिशाकडून येतो. गिरणीत आधी माती-खडे काढायचे, मग टरफल काढायचं, मग पॉलिश. टरफल आहे तोवर दाणा चिलखतात असतो. ते निघालं की दमट हवेला उघडा, त्याचं पीठ केलं की विचारूच नका.

आता कॅलेंडर बघा. वरई खरीपाची, दिवाळीच्या आगेमागे निघते. आणि लोक भगर सगळ्यात जास्त कधी खातात? आषाढी, श्रावण, नवरात्र. म्हणजे पीक निघून आठ-दहा महिने झालेले आणि मधे अख्खा पावसाळा गेलेला. दाण्यातला ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत असला तर माल टिकतो. पण गोदामाच्या फरशीवर थेट पोती लावली, पत्र्यातून गळालं, की खालच्या थराचा भरवसा नाही. चांगला गिरणीवाला लाकडी फळ्यांवर थप्पी लावतो, भिंतीपासून हातभर लांब. सगळेच तसं करतात असं मी म्हणणार नाही.

दुकानदाराकडचं सुटं पीठ हा वेगळाच कारभार. जुन्या पिठात नवीन ओततात, डबा रिकामा करून पुसत कोणी नाही. तळचं पीठ कुठल्या सालचं ते देवाला ठाऊक.

---

डॉ. बाभूळ, ९ सप्टेंबर, दुपारी २:५०

प्राथमिक आरोग्य केंद्रात बरीच वर्षं काढली, उपासाच्या दिवशीची रात्रपाळी हा माझा हातखंडा विषय. धागाकर्तीच्या मॅडमना माझा नमस्कार सांगा. घड्याळ हेच पहिलं.

खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत मुख्यतः उलट्या सुरू झाल्या, ताप नाही, तर बहुतेक वेळा तयार विष पोटात गेलेलं असतं. जिवाणूंनी अन्नातच विष करून ठेवलेलं. यात दोन नावं कायमची: स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि बॅसिलस सेरियस. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि जुलाब, उलट्या कमी, तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स किंवा सेरियसचाच दुसरा, जुलाबाचा प्रकार. ताप, जुलाब आणि मधे अर्धा-दीड दिवस गेलेला, तर साल्मोनेला डोक्यात ठेवा. हे आडाखे आहेत, निदान नव्हे. पण आडाखा नसला तर कुठला नमुना कुठल्या तपासणीला पाठवायचा हेच कळत नाही.

भगरीच्या रुग्णांमध्ये मला खटकायची ती तिसरीच गोष्ट: चक्कर, गुंगी, अंग थरथरणं. नुसत्या बॅसिलसनं माणूस ओकतो, त्याचे हात थरथरत नाहीत. तिथे बुरशीच्या विषाचा संशय घ्यावा लागतो. अन्न व औषध प्रशासन उपासाच्या दिवसांत भगरीबद्दल सूचना काढतं, त्यात ॲस्परजिलस गटातली बुरशी आणि फ्युमिगाक्लेव्हिन नावाच्या विषाचा उल्लेख असतो. दमट हवेत भगरीवर, त्यातून पिठावर, ही बुरशी लवकर धरते.

धागाकर्ती, तुमच्या त्या चौघांना थरथर होती का?

---

कढीलिंब, ९ सप्टेंबर, रात्री ८:१५

डॉक्टर, मी दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन पुन्हा विचारलं होतं, ते लिहायचं राहिलं. जेवण दुपारी एकला. आईला अडीचला चक्कर, मग उलट्या. मोठ्या मुलाचे हात थरथरत होते, त्याला पाण्याचा पेला धरवत नव्हता. घरातला सगळ्यात धाकटा मुलगा आजारी पडला नाही. त्याला भगर आवडत नाही, त्यानं साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. आमटी मात्र त्यानंही भुरकली होती. भाकरी ताजी, तव्यावरून पानात. पीठ आषाढीच्या आधी आणलेलं, सुटं.

---

डॉ. बाभूळ, ९ सप्टेंबर, रात्री ८:३३

बघा, आता हा रिकॉल झाला. भाकरी ताजी म्हणजे 'शिजवून ठेवलं' हा मुद्दा बाद. आमटी धाकट्यानंही घेतली म्हणजे शेंगदाण्यांवरचा संशय कमी. दीड तासात चक्कर आणि थरथर. बोट पिठाकडे जातं. पीठ प्रयोगशाळेत गेल्याशिवाय 'सिद्ध' म्हणायचं नाही, पण ती पिशवी फेकू नका म्हणून त्या घराला सांगायचं काम तुमचं होतं. सांगितलंत?

---

कढीलिंब, ९ सप्टेंबर, रात्री ८:३६

नाही. त्यांनी ती घाबरून त्याच संध्याकाळी उकिरड्यावर टाकली.

---

रसायनी, १० सप्टेंबर, सकाळी ११:०२

अन्नतंत्रज्ञान शिकवतो, म्हणून बुरशीच्या विषाबद्दल थोडं सविस्तर. विद्यार्थ्यांनो, हे परीक्षेतही येतं.

क्लेव्हिन गटातली विषं महाराष्ट्राला नवी नाहीत. १९५६-५७ च्या सुमारास आपल्याकडे बाजरी खाणाऱ्यांमध्ये विषबाधा झाल्या होत्या, कारण कणसावर वाढणारी अरगट नावाची बुरशी. १९७५ साली राजस्थानात तेच झालं. युरोपातल्या राय धान्यावरच्या अरगटानं बोटं काळी पडून झडायची. बाजरीच्या अरगटातली विषद्रव्यं (अल्कलॉइडं) वेगळी, त्यांनी मळमळ, उलटी, चक्कर, गुंगी येते. वर डॉक्टरांनी सांगितलेली लक्षणं पुन्हा वाचा. फ्युमिगाक्लेव्हिन त्याच घराण्यातलं. बाजरीला एक उपाय होता, दाणे मिठाच्या पाण्यात टाकले की अरगटाचे हलके खडे वर तरंगतात. भगरीच्या पिठात तरंगायला काही वेगळं उरतच नाही.

कोदो या भगरीच्या चुलत भावाचं उदाहरण ताजं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या बांधवगडमध्ये दहा हत्ती मेले. बुरशी लागलेला कोदो खाल्लेला, तपासणीत सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीचं विष सापडलं. हत्तीच्या वजनाचा प्राणी आडवा होतो तर आपण कोण.

अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्याच आणखी एका विषाचा मात्र यात घोळ घालू नका. ते शेंगदाण्यांत, मक्यात सापडतं, त्याचा मार यकृतावर. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बांसवाडा-पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन ३९७ जण आजारी पडले, १०६ दगावले. पण तिथे लोक तो मका रोज खात होते, आणि कावीळ, पोटात पाणी अशी लक्षणं होती. दुपारी आमटी भुरकली आणि तीनला उलटी झाली, हे अफ्लाटॉक्सिनचं वागणं नव्हे. म्हणून सुरकुतलेले, काळपट शेंगदाणे कुटात घालू नका हे खरं, पण वेगळ्या कारणासाठी. धान्यात अफ्लाटॉक्सिनची कायदेशीर मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे.

आणि 'भाजलं की जाईल' हे डोक्यातून काढा. भाजल्यानं बुरशी मरते, विष बहुतांशी राहतं. अफ्लाटॉक्सिन मोडायला अडीचशे अंशांच्या वरची उष्णता लागते, तव्यावरच्या भाकरीच्या आतला गाभा शंभरच्या पुढे जात नाही.

---

निरुत्तर, १० सप्टेंबर, दुपारी १२:२०

ठीक आहे, आजीबद्दलचं विधान अर्धं मागे घेतो. पण मग पीठ नसलेल्या, दाण्याच्या भगरीनं गावंच्या गावं कशी आजारी पडतात? फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यात सप्ताहाच्या प्रसादातून दोनशेवर लोकांना बाधा झाली, रस्त्यावर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या लावल्या होत्या. फोटो सगळ्यांनी पाहिलेत. तेव्हा तर पावसाळाही नव्हता.

---

रसायनी, १० सप्टेंबर, दुपारी १२:४१

चांगला प्रश्न. त्या घटनेचं कारण मी इथून सांगणार नाही. पण सार्वजनिक पंगतीत एक धोका जास्तीचा असतो. तो म्हणजे टोप.

बॅसिलस सेरियस मातीतला जिवाणू, धान्याबरोबर घरात येतोच. शिजवताना जिवाणू मरतो, त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली झोपलेली रूपं, मरत नाहीत. मग शिजलेलं पिठूळ, ओलं, कोमट अन्न मिळालं की बीजाणू उगवतात, वाढतात आणि उलटी करवणारं सेरुलाइड नावाचं विष अन्नात सोडतात. हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. म्हणजे शिळी भगर प्रेशर कुकरला लावून 'निर्जंतुक' करता येत नाही. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी हॉटेलांतल्या फ्राइड राइसमुळे हा प्रकार उघडकीला आला. रात्री भात शिजवायचा, ढीग तसाच ओट्यावर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचा. आपला फोडणीचा भात हा त्याचाच मावसभाऊ. भगर ही त्या दृष्टीनं भातच आहे.

सेरियसच्या जुलाबाच्या प्रकाराची गोष्ट तर विद्यार्थ्यांना मी हमखास सांगतो. नॉर्वेतल्या ओस्लोत १९४७ ते १९४९ दरम्यान व्हॅनिला सॉसमधून साथी आल्या. सॉस आदल्या दिवशी करून बाहेर ठेवलेला, घट्टपणासाठी घातलेल्या मक्याच्या पिठात बीजाणू. स्टेनार हाउगे या संशोधकानं सॉसमध्ये जिवाणू वाढवले आणि २०० मिलिलिटर स्वतः प्यायला. तेरा तासांनी पोटात कळा आणि जुलाब. सिद्ध झालं. आजच्या नैतिकता समितीनं त्याला दारातूनच हाकललं असतं.

---

परदेशी पाखरू, १० सप्टेंबर, संध्याकाळी ६:५५

वाचतेय. अवांतर: न्यू जर्सीत भगर गुजराती दुकानात 'मोरैयो' नावानं मिळते, मला दोन वर्षं कळलंच नव्हतं की हीच आपली भगर. अजून एक अवांतर: भात थंड करून खाल्ला की साखर कमी वाढते असं सगळीकडे वाचते. सासूबाईंना मधुमेह आहे, त्या भगर मुद्दाम रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी खातात. आता काय सांगू त्यांना?

---

पथ्यकर, १० सप्टेंबर, रात्री ९:१०

@परदेशी पाखरू, क्लिनिकल डाएटिशियन आहे, हे सासूबाईंना माझ्या नावावर खपवा.

थंड केल्यावर स्टार्चचा काही भाग न पचणारा बनतो हे खरं. इंडोनेशियातल्या २०१५ च्या एका अभ्यासात ताज्या भातात असा स्टार्च १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम होता, आणि चोवीस तास ४ अंशांवर ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. १५ निरोगी माणसांत साखरेची वाढही कमी दिसली. पण आकडे नीट वाचा: हा सगळा फायदा ग्रॅमभराचा, आणि तो भात फ्रिजमध्ये होता, ओट्यावर नव्हता. सासूबाईंनी भगर शिजल्यावर तासाभरात फ्रिजमध्ये टाकावी, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवावी. आणि मुळात वाटी लहान घ्यावी. त्यानं ग्रॅमभर नव्हे, त्याहून कितीतरी जास्त कर्बोदकं कमी होतील. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर निर्जळी उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, तिथे भगरीपेक्षा साखर उतरण्याची भीती मोठी.

आता @कढीलिंब. मॅडमचा लाल गोल बरोबर होता. 'भगर टाळा' म्हटलंस तर बाई उपास सोडणार आहे का? ती साबुदाण्याकडे वळेल. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात लिटल मिलेटमध्ये १०० ग्रॅमला प्रथिनं दहा ग्रॅमच्या आसपास आणि तंतू साडेसात ग्रॅमच्या वर आहेत. पॉलिश केल्यावर तंतू कमी होतात, तरी साबुदाण्याच्या कितीतरी पुढे. नऊ दिवसांच्या उपासात बाईच्या ताटातला एकमेव बरा धान्यपदार्थ तू लाल शाईनं खोडत होतीस.

माझ्या विद्यार्थिनी भीती दाखवणाऱ्या ओळी पटकन लिहितात. 'दाणा घ्या, धुऊन वाळवून घरी दळा, लागेल तेवढंच' ही ओळ लिहायला माहिती लागते.

---

थालीपीठ, १० सप्टेंबर, रात्री ९:४४

पथ्यकरताई, एक शंका. धुऊन वाळवलेला दाणा पावसाळी हवेत नीट वाळत नाही. मग तो दमट दाणा दळायचा का?

---

पथ्यकर, १० सप्टेंबर, रात्री ९:५८

काकू, पकडलंत. पंख्याखाली पातळ पसरून, मग मंद आचेवर कोरडी परतून, गार झाल्यावर मिक्सरमधून. पाव किलोच्या वर करायचंच नाही. वेळ नसेल तर भाकरीचा नाद सोडून दाण्याची भगर शिजवा, ती वीस मिनिटांत होते.

---

गिरणीवाला, ११ सप्टेंबर, सकाळी ७:०५

घेताना बंद पाकीट घ्या. त्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ते बघा. पाकिटाच्या आत दाणे एकमेकांना चिकटलेले, काळे ठिपके, खवट वास, यातलं काही असलं तर परत करा, दुकानदाराशी भांडा. एक ध्यानात ठेवा, पॅकिंगची तारीख ही दाण्याची जन्मतारीख नव्हे. जुना माल काल पाकिटात भरला तरी तारीख कालचीच पडते. म्हणून नाकावर विश्वास ठेवा.

---

कढीलिंब, १३ सप्टेंबर, रात्री १०:१२

मंडळी, तुमच्या नादानं मी शनिवारी प्रयोग केला. घरी पाच लिटरच्या पातेल्यात भगर शिजवली, झाकण ठेवलं आणि प्रयोगशाळेतला डिजिटल थर्मामीटर मधोमध खुपसला. रात्री नऊला ८८ अंश. साडेबाराला ५०. त्याच भगरीतली दोन वाट्या परातीत बोटभर पसरली होती, ती पाऊण तासात ३४ वर आली. आई सारखी येऊन विचारत होती, "ताप उतरला का गं तिचा?"

बॅसिलसला साधारण ३० अंशांच्या आसपास सगळ्यात मानवतं. म्हणजे पातेल्यातली भगर मध्यरात्रीनंतर हळूहळू त्याच्या पट्ट्यात शिरली आणि सकाळपर्यंत तिथेच बसली. हे पाच लिटरचं. पंगतीचं टोप शंभर लिटरचं असतं, झाकलेलं, वर ओलं फडकं. पहाटे शिजलेली भगर दुपारच्या शेवटच्या पंगतीला वाढायची तर कडेची कोमट, मधली गरम, आणि कोणाच्या पानात कुठली पडली हे नशीब.

---

डॉ. बाभूळ, १३ सप्टेंबर, रात्री १०:३०

छान. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे, शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त नको. गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, गार ठेवायचं तर ५ च्या खाली. मधला सगळा प्रदेश जिवाणूंचा. पंगतीवाल्यांना अंश सांगू नका. 'वाढताना वाफ दिसली पाहिजे' म्हणा.

---

निरुत्तर, १४ सप्टेंबर, सकाळी ८:४०

आता खरं सांगतो. आमच्या गल्लीतल्या देवीच्या मंडळाच्या भंडाऱ्याची जबाबदारी दरवर्षी माझ्याकडे असते. अष्टमीला वीस किलो भगर. पहाटे चारला टोप चढतं, पहिली पंगत अकराला, शेवटची तीनला. हे वाचून पोटात गोळा आलाय. नऊ वर्षं काही झालं नाही, पण आता झोप लागायची नाही. पराती किती लागतील?

---

रसायनी, १४ सप्टेंबर, सकाळी ९:१५

वीस किलोची शिजून साठ-सत्तर किलो होते. दोन फुटी परातीत दोन इंचाचा थर दिला तर चौदा-पंधरा किलो मावते, म्हणजे पाच पराती. पण ती गार करून तुम्ही ठेवणार कुठे? मंडळाकडे फ्रिज आहे का?

---

निरुत्तर, १४ सप्टेंबर, सकाळी ९:२२

आइस्क्रीमवाल्याचा एक आहे. त्यात आइस्क्रीम असतं.

---

थालीपीठ, १४ सप्टेंबर, सकाळी ९:५०

अहो दादा, पराती कशाला? चारला टोप चढवताच कशाला? भगर वीस मिनिटांत शिजते. भातासारखं पाणी उकळत ठेवा, भगर निवडून धुऊन ठेवा, आणि प्रत्येक पंगतीआधी सात किलोचा एक घाणा टाका. तीन पंगती, तीन घाणे. आचाऱ्याला जास्तीचे पैसे द्या, तो कुरकुर करेल ती ऐकून घ्या.

---

निरुत्तर, १४ सप्टेंबर, सकाळी १०:०८

आचाऱ्याशी बोललो. म्हणाला, "इतकी वर्षं केलं, आता काय झालं?" माझंच वाक्य मला परत मिळालं. पाचशे रुपयांवर तयार झाला.

---

कढीलिंब, १६ सप्टेंबर, रात्री ९:०३

भित्तिपत्रक आज लागलं. 'भगर टाळा' गेलं. पीठ, पाकीट, दोन तास आणि 'वाफ दिसली पाहिजे' एवढंच राहिलं. खाली मॅडमनी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: 'त्रास झाल्यास उरलेलं पीठ व अन्न फेकू नका, सोबत आणा.'

दुपारी एक आजी ते वाचत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "पोरी, हे पिठाचं बरं लिवलंस. पण दोन तास म्हंजे चुलीवरून उतरल्यापासून का पानात वाढल्यापासून?" उतरल्यापासून, असं सांगितलं. उद्या ते शब्द त्यात घालतेय.